मुळांसकट झाड

१३ डिसेंबर, संध्याकाळ
ख्रिसमस ट्री जिवंत आहे, अगदी मुळांसकट. विकणाऱ्याने स्वतः सांगितलं, तेही छातीवर हात ठेवून.

गेल्या वर्षीचं झाड नाताळ संपल्यावर कचऱ्यापाशी टाकलं, ते लेकीने खिडकीतून पाहिलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. यंदा तिची अटच होती, मरणारं झाड आणायचं नाही. मी शब्द दिला. नाताळ झाला की इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत लावायचं.

बायकोने विचारलं, कुंडीतून काढून मुळं पाहिलीस का? म्हटलं, मुळांना उजेड बाधतो असं तो म्हणाला. ती म्हणाली, चोरालाही बाधतो. मी कारखान्याच्या खरेदी खात्यात आहे. माल पारखणं हेच माझं काम. उगाच वाद घातला नाही.

१५ डिसेंबर
सजावट झाली. लेकीने फक्त हलके गोळे लावू दिले, फांद्या दुखतात म्हणून. दिव्यांची माळ सैल बांधायला लावली. झाडाला ती 'धाकट्या' म्हणते. शाळेतून आली की आधी त्याची चौकशी, मग आमची.

१८ डिसेंबर
धाकट्याच्या पानांच्या सुया गळताहेत. नैसर्गिक आहे. माझेही केस गळतात, मी जिवंत आहे. आई म्हणाली, तुझे परत कुठे आले?

संकल्प: पाणी दुप्पट.

२० डिसेंबर
सतरंजी भिजली. पाणी तिपटीने घालणार होतो, बायकोने तांब्या लपवला. झाड पिवळं दिसतंय असं तिचं मत. दोष दिव्यांचा. सगळे हिरवे दिवे आणले. आता आई पण हिरवी दिसते.

२२ डिसेंबर
लेक उठायच्या आत सुया वेचून कोटाच्या खिशात भरतो. आज मीटिंगमध्ये रुमाल काढला आणि मूठभर सुया साहेबांच्या चहात पडल्या. हर्बल आहे, म्हटलं. साहेबांनी कप सरकवला. मला घरी लवकर जायची परवानगी मिळाली. न मागता.

२४ डिसेंबर, सकाळ
चांदणी वाकडी होती. सरळ करायला बुंधा धरला, तर अख्खं झाड हातात आलं. खाली मूळ नाही. करवतीने कापून पेन्सिलीसारखं टोक काढलेलं. अकरा दिवस मी खुंटाला पाणी घालत होतो.

लेक आंघोळीला गेली होती म्हणून वाचलो. आई म्हणाली, कधीच मेलंय रे ते. बायको म्हणाली, आता तरी पोरीला सांग. सांगणारच आहे. पण नाताळच्या आदल्या दिवशी कोणी सांगतं का? परत खोचून ठेवलं. काही झाडांना मुळं उशिरा फुटत असतील.

२५ डिसेंबर
लेकीने मला भेट दिली. लाल फीत बांधलेलं खुरपं. धाकट्यासाठी.

सांगायचं राहिलं.

३१ डिसेंबर
नवीन बेत: मुळांचं झाड आणून गुपचूप अदलाबदल करायची. नर्सरीत मिळालं ते गुडघ्याएवढं. धाकट्या माझ्या खांद्याला लागतो. बायको म्हणाली, सांग की आजारपणात आटला. तिला माझ्या अडचणीची मजा वाटते.

२ जानेवारी
लेकीने खड्डा स्वतः खणला. शेजारी जमले. मला कुंडी उलटी करायला सांगितली. मी सगळ्यांना मागे व्हायला लावलं, मुळांना उजेड बाधतो म्हणालो. माझ्याच तोंडून हे वाक्य ऐकून बायको घरात निघून गेली. धाकट्या खड्ड्यात ताठ उभा राहिला. टाळ्या पडल्या.

४ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी झाडाला काठीने ढोसून, हे वाळलंय की, असं म्हटलं. लेक त्यांच्यावर धावून गेली. जिवंत आहे म्हणाली, माझ्या बाबांनी स्वतः सांगितलंय. तेही छातीवर हात ठेवून.

वसंतात पालवी अपेक्षित आहे. उद्या सातला ती पाणी घालायला खाली उतरेल. त्याआधी सुया वेचायच्या आहेत.