परत आलेली डिस्क

३ मार्च
तैपेईहून दक्षिणेला, चियायीला पोचले. खोली मनासारखी मिळाली. खिडकीशी कापराचं झाड, खाली टर्कीचं मांस घातलेल्या भाताचं दुकान, आणि घरमालकीण कमी बोलणारी. उद्यापासून शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात संपादक. पंचेचाळिशीत तैपेई सोडताना सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मुरडोत. खाली पोटभर जेवले आणि आत्ता शिट्टी वाजवत कपडे लावतेय.

५ मार्च
कार्यालयातल्या प्रत्येक यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलंय. यंत्रानं गुणी बाळासारखं वागावं म्हणून. तैपेईतही ठेवतात, पण तिथे निदान हसत हसत ठेवतात. इथे माझ्या शेजारची बाओ-ल्येन पाकिटावरची तारीख उलटायच्या आत नवं आणून ठेवते. हिरवंच हवं, पिवळ्यानं यंत्र रुसतं म्हणे. आणि ते कुणी खायचं नाही, ते यंत्राचं. पदवीधर बाई आहे ही! मी विचारलं, प्रिंटरला सोबत चहा लागतो का? ती म्हणाली, हसा ताई, बिघडलं की माझ्याकडेच याल.

८ मार्च
माझा लॅपटॉप खरखरायला लागलाय. एरवी फेकून दिला असता. पण त्यात आई आहे. शेवटच्या हिवाळ्यात ती मुळ्याचा केक करत होती तेव्हा मी गुपचूप तिचा आवाज टिपला होता. “आ-यिंग, हात धुतलेस का? पीठ काय तुझा बाप ढवळणार?” मी गप्प राहून फोन धरलेला. पुढे तो फोनही गेला. आईचा आवाज आता जगात या एकाच ठिकाणी उरलाय. उद्या एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्यायचीच.

९ मार्च
स्टेशनामागे लियाओ मावशींचं दुकान. पायात चपला, तोंडात सुपारी, आणि सल्ला न मागता. आवाज ठेवायचाय ना, मग ह्या जाड, साध्या दोन घे म्हणाल्या, एक घरी ठेव, एक कुणा जवळच्याकडे. मी बारीक, देखण्या डिस्क बघत होते, तर म्हणतात, स्थळ बघायला आलीयस का गं?

मागच्या कपाटात एक गडद निळी डिस्क होती, पानासारखी पातळ, तिला रबरानं हिरवं पाकीट बांधलेलं. ती विकायची नाही म्हणे. तीन गिऱ्हाइकांनी परत केलीय. का, तर फार नीट सांभाळते, गरजेपेक्षा जास्त नीट. ही दुकानदारी मी ओळखून आहे. चांगला माल ओळखीच्यांसाठी दडवायचा आणि परक्यांना भुतं दाखवायची. मी हटून बसले. शेवटी दिली. पाकीट सोडू नकोस, तिचं तिला राहू दे, असं दोनदा बजावलं.

घरी येऊन आईचा आवाज डिस्कवर उतरवला. तो उतरेपर्यंत पाकीट फोडून खाल्लं. खोबऱ्याची चव, जरा सादळलेले.

११ मार्च
लॅपटॉपनं मान टाकली. दुरुस्ती अशक्य. वेळेत शहाणपण सुचलं म्हणायचं.

डिस्क कार्यालयातल्या यंत्राला लावून ऐकली. आई इतकी स्वच्छ कधीच ऐकू आली नव्हती. पिठात पळी फिरते तेसुद्धा. हात धुतलेस का, तिनं विचारलं. आणि उत्तर आलं, “धुतले आई.”

माझ्या आवाजात.

मी तेव्हा बोलले नव्हते. असेल, हल्लीची अतिशहाणी यंत्रं रिकाम्या जागा भरतात. एखाद्या दीडशहाण्या इंजिनियरचं काम.

१३ मार्च
घसा बसलाय. हवा बदलली म्हणून.

आज ध्वनिमुद्रण लांबलंय. त्या दोघी गप्पा मारतायत. माझा आवाज म्हणतो, इथली माणसं अगदीच बावळट गं आई, यंत्राला खाऊ देतात. आई हसली नाही. तिनं विचारलं, “आ-यिंग, दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लंस का?”

मी कानातले इयरफोन ओढून काढले.

१५ मार्च
आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. काहीच नाही, हे त्यांनी ज्या तऱ्हेनं सांगितलं ते—

बाओ-ल्येनला चिठ्ठी लिहून सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. तिनं लगेच नवं पाकीट आणून डिस्कला बांधलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर पाकीट तसंच बंद, फुगलेलं. हलवून बघितलं, आत एक दाणा नाही.

१६ मार्च
लियाओ मावशींकडे गेले. डिस्क परत घेत नाहीत. आधीच्या तिघांनी पाकीट फोडलं नव्हतं गं बाई, म्हणाल्या, तू तिचं खाल्लंस, आता ती तुझं खाणार. मग सुपारी थुंकून हळू आवाजात सांगितलं की सुटायचं असेल तर तिच्यावरचं सगळं पुसून टाक. पण तिच्यावर आई आहे हे मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद वाचला, घडी करून माझ्या हातात दिला. ठाऊक आहे, म्हणाल्या, म्हणून तर दोन घे म्हणत होते.

१८ मार्च
पुसवत नाही. आवाज गेला तर गेला. लिहिता तर येतंय—

आज घरमालकीण जिन्यात भेटली. आरपार बघून गेली. बाओ-ल्येन माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवून—मी बसले होते त्या खुर्चीवर.

१९ मार्च
पुसते. आत्ता. डिस्क घेऊन कार्यालयातल्या यंत्रापाशी बसलेय.

आई विचारतेय, बाहेर कोण लिहीत बसलंय गं? माझा आवाज म्हणतो, कुणी नाही आई, एक बावळट बाई आहे. बघ, पुसणार नाही ती. धमक नाही तिच्यात.

बोट बटणावर आहे. बटण दाबलं जात ना—

केकचा वास येतोय. खरंच येतोय. आई म्हणते, असू दे, तिलाही बोलाव, उपाशी दिसते बिचारी. माझा आवाज हसला. म्हणाला, कशाला, परक्यांना—

आई, परकी ती आहे. मी इथे. हात धुतलेत मी, आई, मी तुझी आ—