सोमवारच्या गोळ्या

आत्याबाई,

चार दिवस झाले तुम्ही माझ्याशी बोलून न्हाई राहिल्यात, म्हणून लिहून ठेवते. भाकरी टोपल्यात हाय. माझ्या हातची असली तरी खा.

हत्तीरोगाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, हे मला ठाऊक होतं. श्रावणी सोमवार हाय, गल्लीतल्या समद्या बाया उपाशी हायत, हेही ठाऊक होतं. पण दवाखान्याचे साहेब म्हणाले, आपला जिल्हा या मोहिमेत नवा हाय, आजच उरका, ताप-चक्करचं बोलून लोकांना घाबरवू नका. मी तशाच घरोघरी गोळ्या वाटल्या. तुम्हालासुद्धा मीच म्हणले, काही होत न्हाई. तुम्ही माझ्या शब्दावर गिळल्या.

ताप आला तो रक्तातले जंतू मरताना येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. चक्कर आणि उलट्या मात्र माझ्यामुळं झाल्या.

आता घरोघरी जाऊन हेच सांगणार हाय. टँकर आला तर माझी घागर तुमच्या घागरीमागं ठेवा. बाया ती रांगेतून काढून राहिल्यात.

दिवेलागणीला येईन. कुणी दार उघडलं न्हाई तर लवकरच परत येईन. आपल्या दाराची कडी तेवढी काढून ठेवा.

रुद्राणी