पाठीमागून पाहिलेला प्लग

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खाली सही करणारा, तुमचा सख्खा धाकटा भाऊ, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विमा कार्यालयाच्या वाहन-दावे विभागात तेवीस वर्षे कागद तपासणारा. अशी ओळख करून देणे भाग पडले, कारण सख्ख्या भावाला जी गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी ती मला तुमच्या शेजारच्या टायरवाल्याकडून कळली. तेव्हा आपले नाते तुमच्या स्मरणातून गेले असावे, अशी शंका आली. पत्राचा हेतूही स्पष्ट लिहितो. गॅरेज बंद करण्यामागचे खरे कारण मला हवे आहे.

टायरवाला परवा कामासाठी आमच्या कार्यालयात आला होता. महिनाअखेरीस तुमचा गाळा त्याच्याकडे येणार, मधली भिंत पाडून तो दुकान वाढवणार, असे त्याने मोठ्या आनंदाने सांगितले. तुम्ही म्हणे त्याला सांगितले की, हल्लीच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, संगणक असतो, आणि संगणकाशी तुमचे जमत नाही. दादा, हे कारण मला पटत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तुम्ही कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगत होता. असा माणूस संगणकाच्या एका डबीला घाबरेल, हे संभवत नाही.

चार वेळा फोन केला, चारही वेळा उचलला नाही. म्हणून हा कागद. उत्तर यावे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा

*

दि. ८ फेब्रुवारी

भावोजींस अ. उ. आ.

पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि कामाला लागले. उत्तर मलाच लिहायला सांगितलं. बीकॉमला लिही की सगळं ठीक आहे, एवढाच निरोप. तो झाला. आता माझं ऐका.

सगळं ठीक नाही. ह्यांना ऐकू येत नाही हो. दीड वर्ष झालं असेल. आधी मला वाटलं, माझंच बोलणं नेहमीप्रमाणे टाळतायत. मग एकदा कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, हे शेजारी पेपर वाचत बसलेले, मान वर नाही. फोन का उचलत नाहीत ते आता कळलं ना? गॅरेजमध्ये तो स्क्रू ड्रायव्हर अजून कानाला लावतात, पण नुसता लावतात. गिऱ्हाइकासमोर मान डोलावतात आणि मग सगळी गाडी उघडून बसतात. पूर्वी ज्याला दहा मिनिटं लागायची त्याला दोन दिवस लागतात. कुणाला सांगायचं नाही, अशी मला तंबी आहे. मी तुम्हाला सांगितलेलं नाही, लिहिलेलं आहे.

सध्या घरोघर जाणाऱ्या नर्सबाईंची मोटरसायकल येऊन पडली आहे. सकाळी छान चालते, तापली की गुदमरते आणि बंद पडते. दोन मोठ्या दुकानांनी गाडीचा मेंदूच, म्हणजे आतला संगणक, बदलायला सांगितला. ह्यांनी स्पार्क प्लग काढून पाहिला, काळा कुळकुळीत. जास्त पेट्रोल पितेय म्हणाले. का पितेय, ते सापडत नाही. ही गाडी झाली नाही तर किल्ल्या टायरवाल्याला द्यायच्या, असं ह्यांनी मनाशी धरलंय. त्याला महिनाअखेरीचा शब्द दिलाय.

तुम्ही कागदातून खोटं शोधून काढता म्हणे. ह्यातून काही निघतं का बघा.

तुमची वहिनी

*

दि. १५ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला काही सांगितलेले नाही, हे मी नोंदवून घेतले आहे.

तुमचे पत्र घेऊन मी आमच्या कार्यालयातील संगणकवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले की, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी मोटरसायकल आपला आजार स्वतःच सांगते, फक्त तो ऐकायला केबल लागते. बाजारातली केबल मोटारगाडीच्या सोळा खाचांच्या सॉकेटची असते, आणि मोटरसायकलच्या सीटखाली असतो चार खाचांचा छोटा प्लग. मध्ये जोडणारी तार आपणच करायची. मी विचारले, वाणिज्य पदवीधराला जमेल का? त्यांनी स्वतःचे सोल्डरिंग आयर्न काढून दिले.

गेले पाच दिवस कार्यालयातून आलो की मागच्या खोलीत बसतो. मोटरसायकलच्या प्लगचे चित्र बाईंनी मिळवून दिले. चार खाचा: एकीत बारा व्होल्ट, एकीत अर्थिंग, एकीत बोलणारी तार, चौथी रिकामी. चित्र मी पट्टीने मोजून चौपट मोठे काढले, एकेका तारेला चिठ्ठी लावली, प्रत्येक जोड तीनदा तपासला. बारा व्होल्टच्या तारेत एक अँपिअरचा फ्यूज घातला आहे. तीन जादा फ्यूज पाकिटात आहेत. पहिल्या दिवशी सोल्डर तारेऐवजी टेबलाला चिकटले. तुमच्या जाऊबाईंनी त्या डागावर फुलदाणी ठेवली आहे आणि माझ्याशी त्या विषयावर बोलणे बंद केले आहे.

पार्सलमध्ये केबल, चित्र आणि माझा जुना लॅपटॉप आहे. पडद्यावरच्या इंग्रजी ओळींसमोर कडेला मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. त्या काढू नयेत. दादांना एवढेच सांगावे की, हे यंत्र ऐकवत नाही, दाखवते. कानाबद्दल अवाक्षर काढू नये.

लहानपणी मी पान्याला हात लावला की ते हातावर चापट मारत आणि म्हणत, तुझे हात कागदाचे आहेत, काळे करू नकोस. तेव्हा ही केबल मी केली आहे हे त्यांना पटेपर्यंत सावकाश सांगावे.

तुमचा,
धाकटा भावोजी

*

दि. २० फेब्रुवारी

भावोजींस अ. उ. आ.

पार्सल पोचलं. तुमच्या चिठ्ठ्या बघून नर्सबाई म्हणाल्या की, आमच्या औषधांच्या कपाटातसुद्धा इतक्या नाहीत.

आता वाईट वाटून घेऊ नका. काल केबल लावली, किल्ली फिरवली आणि फ्यूज उडाला. पडदा कोराच. टायरवाला बघायला आला होता, तो फिदीफिदी हसला आणि रविवारी कागद घेऊन येतो म्हणाला. ह्यांनी केबल सोडवली. लॅपटॉप मिटला, हात धुतले, घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले की, पोरानं पाच दिवस घातले असतील.

आज सकाळी उठले तर हे गॅरेजमध्ये. एका हातात तुमची केबल, दुसऱ्या हातात तुमचं चित्र. मी गेल्यावर त्यांनी कागद उलटा करून खिडकीच्या उजेडाला धरला आणि मला मागून बघायला लावलं. डावीकडच्या खाचा उजवीकडे, उजवीकडच्या डावीकडे. चित्र प्लगच्या तोंडाचं होतं, समोरून बघितलेलं. तुम्ही तारा घातल्या पाठीमागून, आणि चित्राबरहुकूम घातल्या! बारा व्होल्टच्या जागी अर्थिंग, बोलणारी तार रिकाम्या खाचेत. अहो, हे इतके हसले, इतके हसले! म्हणाले, एवढी बिनचूक चूक आमच्या बीकॉमशिवाय कुणाला जमणार नाही. आणि मग म्हणाले की, जोड मात्र पक्के आहेत, ओढून बघितले, एकही हलत नाही. फ्यूज घातलाय म्हणून बाजारातल्या केबलची डबी वाचली.

सगळ्या पिना काढून परत घालायला बसलेत. रविवारला दोन दिवस आहेत.

तुमची वहिनी

*

दि. २३ फेब्रुवारी

चि. बीकॉम यास अ. उ. आ.

पत्र मी स्वतः लिहितोय, अक्षराला हसू नको. तुझ्या वहिनीकडून लिहून घेतलं की ती आपलं पदरचं घालते.

केबल चालली. पडद्यावर आकडे आले. तुझ्या चिठ्ठीत इंजिनाचं तापमान लिहिलंय, तिथं बघत बसलो. वीस, चाळीस, सत्तर, सत्त्याऐंशी. मग एकदम उणे चाळीस. परत सत्त्याऐंशी. परत उणे चाळीस. इंजिनाला हात लावला तर कातडी निघेल, आणि गाडी समजतेय की आपण बर्फात गाडलोय. म्हणून पेट्रोल ढोसतेय! काळ्या प्लगचा हिशेब लागला.

तू असतास तर सेन्सर बदला म्हणाला असतास. मलाही तेच वाटलं होतं. पण सेन्सर मेला की मेलेलाच राहतो, असा ये-जा करत नाही. टाकी उचलली आणि खालचा तारांचा जुडगा बोटांनी इंच इंच चाचपत गेलो. वाकल्यावर पडदा दिसत नाही. तुझ्या वहिनीला समोर स्टुलावर बसवलं, आकडा पडला की हात वर कर म्हटलं. टाकीच्या कोपऱ्याशी एका ठिकाणी चिमटा घेतला, हिचा हात वर. सोडला, खाली. पुन्हा चिमटा, पुन्हा वर. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखी बसली होती. तार आतून तुटलेली, वरून कवच अख्खं. चार बोटं तुकडा बदलला. नर्सबाई दोन दिवस फिरतायत, गाडी कुठं थांबली नाही.

रविवारी टायरवाला कागद घेऊन आला. मी म्हटलं, शब्द मागं घेतो, राग धरू नकोस, पण भिंत राहू दे. तो थोडा फुरंगटला. मग जाता जाता विचारलं की, त्याच्या मेव्हण्याची गाडी तापली की बंद पडते, ती आणू का.

कानाचं तुला कळलंय हे मला कळलंय. हे यंत्र ऐकवत नाही, दाखवतं, असा निरोप साध्या माणसाला कुणी देत नाही. तुझ्या वहिनीला मी काही बोललो नाही. बरं वाटलं, खरं सांगायचं तर. डॉक्टरकडे जायला लावणार असशील तर एक अट आहे. मेव्हण्याची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, तिला सहा खाचांचा प्लग आहे. तशी केबल तू कर. माझ्याकडे सोल्डर आहे, हातही आहे, पण तू कर. आणि पाठीमागून बघून कर.

तुझी पहिली केबल स्क्रू ड्रायव्हरच्या खिळ्यालाच टांगली आहे. दोन्ही मावतात.

दादा

*

दि. ४ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सहा खाचांची केबल सोबत पाठवत आहे. या खेपेस चित्र दोन्ही बाजूंनी काढले आहे आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत बाजू लिहिली आहे. आरशासमोर धरूनही तपासले. संगणकवाल्या बाईंनी पास केले. अट पुरी झाली. कानाच्या डॉक्टरांची वेळ येत्या सोमवारी सकाळी साडेदहाची घेतली आहे. मी रविवारी संध्याकाळी येतो. मेव्हण्याची गाडी तोवर उघडू नये, मला पाहायची आहे. स्टुलावर बसून हात वर करण्याचे काम वहिनींनी एकदा मला द्यावे, अशी विनंती आहे.

फुलदाणी अजून त्या डागावरच आहे; पण काल तुमच्या धाकट्या भावजयीने मला विचारले की, तिसरी केबल करणार असाल तर खाली जुनी फळी घालू का. मी होय म्हटले.

आणखी एक. सोल्डर करताना उजव्या हाताची तर्जनी भाजली. कार्यालयात सही करताना साहेबांचे लक्ष तिकडे गेले आणि शाई सांडली का, असे त्यांनी विचारले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अभिमानाने सांगितले की, नाही, हात काळे झाले आहेत. आमच्या दादांचे गॅरेज आहे.

आहे तेवढा लोभ पुरेसा आहे. त्यात काटछाट होऊ नये.

तुमचा धाकटा भाऊ,
(सही) बीकॉम
मागची खोली, दि. ४ मार्च