बिनस्टेपनीची गाडी

नांदेड,
१९ मे

प्रिय पुनम,

तू पाठवलेला ग्राहक आयोगाच्या तक्रारीचा मसुदा परवा टपालानं मिळाला. तीनदा वाचला. नेटकं लिहिलं आहेस. वकिलाच्या हाती गेल्यावर त्याची भाषा बिघडेल, त्याला इलाज नाही. सही करून आठवड्याच्या आत परत पाठव, असं वर चिठ्ठी लावून बजावलं आहेस. दोन दिवस झाले, कागद जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि तुझे काका त्याला धक्का न लावता पलीकडून मिठाची बरणी उचलतात.

पहिल्या पानावरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. त्यासाठी मी कुठल्याही कोर्टात उभी राहीन. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकल्या, निवृत्तीनंतर हौसेनं पहिली गाडी घेतली, तर तिला चार चाकं आणि पाचव्याच्या जागी एक बाटली! शोरूममधल्या टाय लावलेल्या गृहस्थाला मी विचारलं होतं, स्टेपनी कुठाय म्हणून. तो हसला. "मॅडम, आता स्टेपनी कुणी वापरत नाही, डिकीत जागा किती मिळते बघा." पंक्चर झालं की बाटलीतलं औषध टायरमध्ये सोडायचं, छोट्या पंपानं हवा भरायची, झालं. मी म्हटलं, तुमच्या साहेब लोकांनी कंधार-मुखेड रस्ता कधी पाहिलाय का? तो पुन्हा हसला. आणि मी, जिच्याशी भाजीवाल्यासुद्धा वाद घालत नाहीत, निमूट किल्ली घेतली. रंग आवडला होता, दुसरं काय.

फेब्रुवारीत त्या सकाळी सात वाजता तुझा फोन आला. "आई गेली" एवढंच तू म्हणालीस आणि मग तुझ्या वडिलांनी फोन घेतला. व्यंकटराव रडत नव्हते, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. "ताई, तुम्ही लुगडं घिऊन या. तुमच्याबिगर आम्ही न्हाई उचलत तिला." सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं लुगडं अंगावर पडल्याशिवाय आपल्याकडे उचलत नाहीत, आणि तुझ्या आईचं, माझ्या केवळाचं, माहेर म्हणजे मी एकटी. आम्हाला भाऊ नाही, आई-अण्णा कधीच गेले. साडीचं दुकान दहाला उघडलं तेव्हा मी शटरपाशी उभी होते. गडद हिरवी, तांबड्या काठाची घेतली. एरवी मी तिला साडी आणली की ती म्हणायची, "मॅडमची पसंती! नेसू का नुसती बघत बसू?"

अण्णा, म्हणजे तुझे आजोबा शेषेराव, रेल्वेत होते. त्यांनी मला सिकंदराबादला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि केवळाला आईजवळ ठेवलं. एकीलाच पाठवणं जमत होतं. तिनं त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. सुट्टीत मी घरी आले की ती शेजारच्या बायका गोळा करून मला इंग्रजी बोलायला लावायची आणि स्वतः पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायची. त्या इंग्रजीचं कौतुक मला नव्हतं तेवढं तिला होतं. मला वाटायचं, हे माझं हक्काचंच आहे.

त्या दिवशी साडी घेऊन काका आणि मी देवणीला तुमच्याकडे निघालो, मुखेड सोडून अर्धा तास झाला असेल. एका वळणावर रस्त्याच्या कामाची खडी सांडलेली होती आणि पुढचं डावं टायर बाजूनं वीतभर फाटलं. काकांनी पुस्तिका वाचून बाटली लावली. पांढरं पाणी फाटलेल्या जागेतून डांबरावर वाहून गेलं. पुढच्या फाट्यावरचा पंक्चरवाला, ग्यानोबा, मोटारसायकलवर आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्याला न्हाई काही करता येत. स्टेपनी काढा." नाही म्हटलं. बाईला समजत नसेल म्हणून त्यानं काकांकडे बघितलं, मग स्वतः डिकीत हात घालून चाचपलं. "लई भारी गाडी हाय की! लेक सासरी धाडली अन् चपला घरीच ठिवल्या." काका हसले. मी हसले नाही. त्या मापाचं टायर मुखेडातही मिळणार नाही म्हणाला. मग मी कंपनीचा मदतीचा नंबर लावला. त्यांचा माणूस नांदेडहून चाक घेऊन येईपर्यंत पावणेपाच झाले.

देवणीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि तुमचं अंगण धुऊन झालेलं होतं. पाच वाजेपर्यंत वाट बघितली, मग तुझ्या आत्यानं, सरजाबाईंनी, स्वतःच्या पेटीतलं हिरवं लुगडं काढलं आणि माहेरचं म्हणून केवळाच्या अंगावर घातलं, हे मला दारातच कळलं. तू माझ्या गळ्यात पडलीस. मी म्हणाले, रस्त्यात एकही वाहन मिळालं नाही गं. मागून सरजाबाई बोलल्या, "का, यस्ट्या बंद झाल्या व्हय?" तू त्यांच्या अंगावर धावून गेलीस. माझ्यासाठी. तेव्हापासून तीन महिने तू त्यांच्याशी बोलत नाहीस, आणि आता दुसऱ्या पानावर लिहिलं आहेस की सदर ठिकाणी अन्य वाहन उपलब्ध न झाल्याने तक्रारदार बहिणीच्या अंत्यदर्शनास मुकल्या. खाली साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं आहेस. शपथेवर सांगायला निघाली आहेस.

पुनम, एसटी आली होती. एक वाजता, मुखेडहून उदगीरला जाणारी. आमची उघडी डिकी बघून ड्रायव्हरनं आपण होऊन थांबवली. कंडक्टर बाई दारातून ओरडली, "चला आजी, पुढं जागा हाय, उदगीरहून देवणीला लई गाड्या!" काकांनी साडीची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, तू हो पुढं, मी थांबतो गाडीपाशी. माझ्या कानाला फोन होता. पलीकडचा साहेब चूक कबूल करायच्या बेतात होता. मी त्याला इंग्रजीतून एकेका प्रश्नानं कोंडत आणलं होतं आणि मला त्याची माफी ऐकायची होती. मी कंडक्टरला हातानंच जा म्हणून खुणावलं. ती मला आजी म्हणाली, याचाही राग होता. बस दोन मिनिटं थांबली आणि गेली. साहेबानं माफी मागितली. त्यानंतरही दोन जीपा गेल्या, त्यांना मी हात केला नाही, कारण मला खात्री होती की कितीही उशीर झाला तरी माझ्याशिवाय केवळाला कुणी उचलणार नाही. व्यंकटरावांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी त्यांना थांबा म्हटलं. तुझ्या काकांनी आजवर याबद्दल एक शब्द काढलेला नाही, आणि तेच मला सोसत नाही. म्हणून हे लिहिते आहे. पहिल्या पानावर सही केली आहे. चाक न देता गाडी विकणाऱ्यांना मी सोडणार नाही. दुसऱ्या पानावरचं ते वाक्य खोडलं आहे, तुझं नावही खोडलं आहे. केवळाचं तोंड मला दिसलं नाही, त्यात कंपनीचा हात नाही. तू आधी सरजाबाईंकडे जा. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तू त्यांना वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. त्या दिवशी तुझ्या आईचं माहेर त्या होत्या.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
दीपा मावशी