गरम ससा

१० मे, शनिवार
चार शून्यने हरलो! तेही घरच्या मैदानावर. चारातले तीन गोल रेल्याच्या हातून सुटले. गोलरक्षक कसला, दार उघडून पाहुण्यांना आत घेणारा! सामना संपल्यावर गरम ससा लावला. पोरांच्या दोन रांगा समोरासमोर, मधून रेल्या धावला आणि बाकीच्यांनी पाठीवर-मानेवर चापट्या दिल्या. आम्हीही लहानपणी असेच धावलो. कोणी मेलं नाही.
पुढच्या शनिवारी बेलग्रेडच्या क्लबचा माणूस मुलं निवडायला येतोय. माझ्या संघातली दोन पोरं जरी घेतली तरी मला मोठ्या मुलांचा संघ शिकवायला मिळेल. आता लाड बंद.

१२ मे, सोमवार
रेल्याची आई देसांका मैदानावर आली. बेकरीतून थेट, हाताला पीठ तसंच. म्हणाली, पोराच्या पाठीवर वळ उठलेत, हा प्रकार बंद करा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, एवढं जपायचं असेल तर त्याला विणकाम शिकवा." पोरं खिदळली. रेल्याही हसला — म्हणजे तसं तोंड केलं. बाई पाठ फिरवून गेली. मला बरं वाटलं, इथे खोटं कशाला लिहू?

१४ मे, बुधवार
सरावात रेल्याने पुन्हा दोन सोपे चेंडू सोडले. गरम ससा! नेमान्या — माझा मुलगा, संघाचा कप्तान — त्याने हात उगारला आणि रेल्याच्या पाठीला नुसता टेकवला. बापाच्या डोळ्यांदेखत लबाडी! मी सांगितलं, "जो हळू मारेल तो पुढचा ससा." रेल्याला परत धावायला लावलं. या वेळी नेमान्याच्या फटक्याचा आवाज मला लांबवर ऐकू आला. रेल्या कान धरून खाली बसला.

१५ मे, गुरुवार
कानाचा पडदा फाटलाय. पुढे ऐकू कितपत येईल, डॉक्टर सांगत नाहीत. देसांकाने जिल्हा फुटबॉल संघटनेकडे तक्रार केली.
नेमान्या जेवला नाही. त्याची आई ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची सेवा करते, वर्षातून दोनदा येते. पोराची समजूत काढणं माझ्याच गळ्यात!

१६ मे, शुक्रवार
संघटनेला लिहून दिलं — पोरांची आपसातली मस्ती, मी तेव्हा गोलच्या जाळ्या सोडत होतो, कानावर फटका नेमान्याने मारला. शेवटचं तर खरंच आहे! बारा वर्षांच्या पोराला कोण काय करणार? माझा मात्र प्रशिक्षकाचा परवाना जाईल.
जेवताना नेमान्याला नीट समजावलं. उद्या विचारलं तर फक्त हो म्हणायचं.
"तू जोरात मार म्हणालास, तेही सांगायचं ना?"
"ते नाही."
त्याने मान डोलावली. शहाणा आहे.

१७ मे, शनिवार
सकाळी संघटनेच्या दोघांसमोर तो हो म्हणाला. एवढंच. माझ्यावर ठपका नाही. त्याला मात्र वर्षभर बंदी! इतकं ताणतील असं वाटलं नव्हतं. दुपारी बेलग्रेडचा माणूस आला तेव्हा नेमान्या कुंपणाबाहेर उभा होता. त्या माणसाने दोन पोरं निवडली. मोठा संघ मला मिळाला! क्लबच्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने मला राकियाची दारू ओतली. नेमान्याला हाक मारली, तर तो घरी निघून गेला होता. रुसू दे. चार दिवसांत विसरेल.

१९ मे, सोमवार
नेमान्या शाळेतून आला नाही. सहाला देसांकाचा फोन. तो त्यांच्याकडे आहे, रेल्याला आणि तिला सगळं सांगितलंय, जेवलासुद्धा. मी म्हणालो, घ्यायला येतो. तिने फोन बाजूला धरून त्याला विचारलं.
"नको म्हणतोय," ती म्हणाली.