नववं मिनिट

बिन महमूद, दोहा
४ मे २०२५

ती. कमलिनीमावशीस,
अनूचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आईसारखी मीही कागद घेऊन बसलेय. अक्षराला हसू नकोस.

आमचा पहिला अल्बम तयार आहे. मी, कौशिक आणि ट्युनिसची मुनीरा. दोन गिटार, एक व्हायोलिन, सगळी गाणी फ्रेंचमधली. घरातच रेकॉर्ड केला. पण मावशी, मी तो काढणार नाही.

सप्टेंबरात एक गाणं ऐन रंगात असताना आई आतून खोकली. दहा मिनिटं गप्प बसता येत नाही का, म्हणून मी तिच्यावर खेकसले. तेव्हापासून रेकॉर्डिंग सुरू झालं की ती खाली जिन्यात जाऊन बसायची. तिथे एसी नाही. वॉचमन फजलभाई खुर्ची द्यायचे. तिचा खोकला मग मी ऐकलाच नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. फेब्रुवारीत ती गेली आणि अख्ख्या अल्बममध्ये ती कुठेच नाही गं.

रागव हवं तर, पण माया तोडू नकोस.
तुझी अनू

नाशिक
१९ मे २०२५

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

रडून कागदाचा लगदा केलास, दोन ओळी लागल्याच नाहीत. असो.

निला त्या जिन्यातूनच मला पत्रं लिहायची. सात आहेत. तिसऱ्यात लिहिलंय की खोकल्यातून रक्त पडलं, पण अनूची गाणी पुरी होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, तुला माझी शपथ आहे. मी मूर्खासारखी शपथ पाळली. तेव्हा राग करायचा तर माझा कर.

पाचव्यात म्हणते, पोरीच्या गाण्यातलं अक्षर कळत नाही, वरणभात शिजून गार होईल एवढं एकेक लांबतं, पण खालपर्यंत छान ऐकू येतं. अल्बम काढ. नाहीतर तिचं गप्प बसणं फुकट गेलं.

या म्हातारीवर जमेल तेवढा लोभ ठेव.
मावशी

दोहा
२२ जून २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आठ दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पेन उचलवेना. मग मुनीराला विचारलं, बिघडलेली रेकॉर्डिंग ठेवलीयेस का. ती काहीच पुसत नाही. सप्टेंबरातलं ते गाणं सापडलं!

नवव्या मिनिटाला आई खोकते. माझी गिटार थांबते, मी खेकसते. मग आई इथल्यांसारखं खलास, म्हणजे पुरे झालं, म्हणते आणि जाते मी खाली, असं सांगते. मुनीरा म्हणाली, तुझं ओरडणं काढून टाकू. मी नको म्हटलं. ते गाणं तसंच, अर्धवट, शेवटी ठेवलंय. शुक्रवारी अल्बम निघाला. बाबा तेवढंच गाणं पुन्हा पुन्हा लावतात.

सीडी पाठवतेय. तुला ऐकू येणार नाही, ठाऊक आहे. तरी जवळ असू दे, आणि मीही.
अनू

नाशिक
६ जुलै २०२५

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

सीडी पोचली. सूनबाईने शेवटचं गाणं लावलं आणि मी स्पीकरवर तळहात ठेवून बसले. गिटार हाताला कळते बरं का, अगदीच बहिरी नाही मी! नववं मिनिट आलं की मनगटावर टिचकी मार, असं नातीला, गार्गीला बजावून ठेवलं होतं. तिने मारली.

माझ्या तोंडून निघून गेलं, निले, आधी पाणी पी.

किती मोठ्याने म्हटलं कोण जाणे. गार्गी उठली आणि खरंच पेला भरून घेऊन आली.

लिहीत जा गं. निलाच्या वाटणीची पत्रंही आता तूच लिहायचीस.
मावशी