तुझी सावली चुकली त्याबद्दल

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? (उजवा की डावा, हे मी दरवेळी विसरतो, दोघांचीही चौकशी केली असं समज.) इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी मात्र मजेत नाही. आजारी नाही, पण आठवडाभर जेवताना बाबांच्या समोर बसायचं टाळतोय.

त्याचं असं झालं. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही सगळे दुपारच्या उन्हात गच्चीवर फोटोला उभे राहिलो. तू नव्हतीस (का नव्हतीस त्यावर येतो, जरा दम धर). फोटो छापून आला तेव्हा बाबांनी भिंग लावून एकेक चेहरा तपासला आणि विचारलं, "थोरली कुठे आहे?" त्या दिवशी घरात इतकी माणसं येऊन गेली आणि त्यांची नजर इतकी अधू झालीय, की तू आली होतीस की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, की ती अगदी कडेला उभी होती, छापताना कापली गेली, मी दुसरी प्रत आणतो. बाबांचा चेहरा असा काही खुलला, की आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

म्हणून मी फोटो सुधारायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. (तुझी भावजय म्हणाली, खोटं बोलायला एवढे कष्ट घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.) मावसबहिणीच्या लग्नातला तुझा एक फोटो सापडला. त्यात तू पर्स छातीशी धरून कुणाकडे तरी रागाने बघतेयस (माझ्याकडेच). त्यातून तुला कापून काढायला घेतलं. पहिल्या खेपेला तुझा डावा कान गेला. दुसऱ्या खेपेला कान आला, पण खांद्यावर कुणा परक्या माणसाची चार बोटंही आली. (हे भाऊजींना सांगू नकोस.) तिसऱ्या खेपेला तू एकटी आणि अखंड निघालीस, तशी मी तुला काकांच्या शेजारी नेऊन ठेवलं. प्रिंट काढून देणाऱ्या बाईने पडद्यावर एक नजर टाकली आणि विचारलं, "या बाई हवेत का तरंगतायत? यांना सावली नाही."

झालं! सावलीच्या मागे लागलो. 'ड्रॉप शॅडो' नावाचं बटण दाबताच तुझ्या पाठीमागे तुझ्याच आकाराचा एक काळा पुतळा उभा राहिला, तू जणू भिंतीवर चिकटवलेली निवडणुकीची उमेदवार. गडदपणा कमी केला तर धूर निघाल्यासारखं दिसायचं, कडा धूसर केल्या तर चहा सांडल्यासारखं. शेवटी एका व्हिडिओत युक्ती सापडली. तुझीच एक नक्कल करायची, ती काळी भरायची, पायाशी आडवी पाडायची आणि ओढून लांब करायची. तुला आडवं पाडून ओढताना, खोटं कशाला सांगू, मला थोडा आनंदही झाला. सावली इतकी झकास जमली, की मी पर्सच्या पट्ट्याचीसुद्धा वेगळी सावली पाडली. फ्रेम करून बाबांच्या हातात दिली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

ज्या माणसाने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, अक्षरन् अक्षराला हाताने सावली दिली, त्याला मी सावली विकायला निघालो होतो! बाबा भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात. हिची एकटीची डावीकडे."

मी म्हणालो, ऊन कधीकधी असं...

"ती आलीच नव्हती ना?"

"नव्हती."

"बोलावलं होतंस?"

आणि ताई, इथे मी पुन्हा खोटं बोललो. म्हणालो, बोलावलं होतं, तिला जमलं नाही. बाबांनी "बरं" म्हणून भिंग डबीत ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. फ्रेम त्यांनी परत दिली नाही, भिंतीवरही लावू दिली नाही. उशाशी पालथी ठेवलीय. बाकी ठीक. भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. तू का नव्हतीस, ते लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. 'बाबांना गाजावाजा नकोय, तू एवढ्या लांबून येऊ नकोस,' असं मी फोनवर तुला सांगितलं होतं. बाबा तसं काही बोललेच नव्हते. त्याआधी तू काकांसमोर मला म्हणाली होतीस, 'तुझ्याच्याने बाबांच्या डोळ्यांत वेळेवर औषधसुद्धा घालवत नाही.' ते माझ्या फार मनाला लागलं होतं, कारण ते खरं होतं. मला माफ कर, आणि जमेल तितक्या लवकर ये.

ता.क. २. पत्र टाकण्याआधी बाबांना ता.क.सकट वाचून दाखवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी म्हणाले, "कोणत्या गाडीने येतेय ते विचार. मी स्टँडवर जाईन." त्यांना एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून मलाही बरोबर यावं लागेल. तू उतरलीस की आधी त्यांच्याशी बोल. मी थोडा मागे उभा असेन.